खाडा

द्वितीय वर्षाला असताना जेवणाच्या सुट्टीनंतरच्या एका तासाला शरीरक्रियाशास्त्राच्या सरांनी फळ्यावर ‘ऑक्सिटोसिन’ हा शब्द लिहिला. बाहेर जुलैचा पाऊस होता, ओल्या छत्र्यांचे पाणी वर्गभर पसरले होते आणि अर्धा वर्ग झोपेला आला होता. याला लोक कौतुकाने मायेचे संप्रेरक म्हणतात, असे सरांनी सांगितल्यावर मागच्या बाकांवर खसखस पिकली. ती ओसरू देऊन त्यांनी विचारले, “जनावर पान्हा सोडते म्हणजे काय होते, हे तुमच्यापैकी कुणी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे का?” साठेक मुलामुलींच्या त्या वर्गात या प्रश्नाचे उत्तर माझ्याइतके कुणाच्याच अंगावर उडालेले नव्हते. सहा वर्षांची असल्यापासून मी रेडकाचे दावे धरून म्हशीच्या मागच्या पायांशी उभी राहत आले आहे. माझा हात बाकावरून उचललाही गेला होता. पण तेवढ्यात सरांनी पुढचे वाक्य जोडले, की हेच संप्रेरक बिनलेबलच्या बाटल्यांतून चोरून विकले जाते आणि ते टोचले की मिनिटभरात दूध उतरते. वर निघालेला तो हात मी ओढणी सारखी करायला वापरला आणि वहीत मान घातली.

गवळ्याची मुलगी असल्याची मला लाज वाटली असेल, असे कुणालाही वाटेल. तसे नव्हते. वर्गातल्या तिघींच्या घरी आमचेच दूध जाते, आणि पावसाळ्यात माझ्या दप्तराला येणारा ओल्या वैरणीचा वास ही वर्गातली जुनी थट्टा आहे. मला त्या क्षणी आठवली ती आमच्या गोठ्याच्या कोनाड्यातली पांढऱ्या प्लॅस्टिकची, रबरी बुचाची बाटली. चौदा वर्षांची असताना ती बाटली मी स्वतः कोनाड्यातून काढून वडिलांच्या हातात देत असे, आणि तिच्यात काय होते हे मला त्या दुपारपर्यंत कळलेले नव्हते.

तो न उचललेला हात पुढे वर्षभर मला टोचत राहिला.

आमचे घर कोल्हापुरात शुक्रवार पेठेत, पंचगंगेकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या आतल्या गल्लीत आहे. पुढे दोन खोल्या, वर माडी आणि मागे गोठा. मधल्या दाराला कडी आहे, पण ती लावलेली मी कधी पाहिली नाही. त्यामुळे घरातल्या कपड्यांना, पुस्तकांना आणि बोलण्यालाही म्हशींचा संसर्ग आहे. आमच्याकडे आलेला पाहुणा पाणी पिण्याआधी ‘कोण व्याली काय?’ असे विचारतो आणि माणसांची खुशाली नंतर. म्हशी पंढरपुरी आहेत. तलवारीसारखी, खांद्याच्याही मागे जाणारी त्यांची शिंगे इतकी लांब, की दावणीत दोघींमध्ये भरपूर जागा सोडावी लागते आणि गोठ्यात माणसाने कुठून कसे वळायचे हे शिंगेच ठरवतात. मी अजूनही प्रयोगशाळेत दोन टेबलांमधून जाताना नकळत एक खांदा मागे घेते. या जातीचे एक वैशिष्ट्य असे, की ती चारचौघांत, रस्त्यावर, गिऱ्हाइकाच्या दारातसुद्धा धार देते. गंगावेशीतल्या दूध कट्ट्याचा सगळा व्यवहार तिच्या या सोशिकपणावर उभा आहे. अप्पा, म्हणजे माझे वडील, रोज सकाळ-संध्याकाळ तिथे दोन म्हशी घेऊन जातात. गिऱ्हाईक समोर उभे, चरवीत धार, पेल्यावर बोटभर फेस, आणि तो पेला तसाच कोमट तोंडाला. तालमीतून घामेजून आलेली पोरे एका दमात पेला रिकामा करतात आणि मिशीला लागलेला फेस पालथ्या हाताने पुसतात. लहानपणी मला वाटायचे की दूध ही वस्तू मुळातच उबदार असते. पिशवीतले गार दूध मी पहिल्यांदा मैत्रिणीच्या घरी हातात घेतले तेव्हा ते मेल्यासारखे वाटले होते.

धार आमच्याकडे सगळेच काढतात. अप्पा काढतात, आई काढते, मीही काढते. पण पान्हा आजीला येतो. ती उकिडवी बसते, म्हशीच्या कुशीला कपाळ टेकते, कोमट पाण्याने कास धुते आणि मग रेडकू सोडायला सांगते. रेडकू धावत येते, कासेला ढुश्या मारते, एक सड सोडून दुसरा धरते, त्याच्या तोंडाला फेस येतो. एवढा वेळ कास नुसतीच लोंबत असते. मग काहीतरी बदलते. म्हशीचा रवंथ थांबतो, कान जरा मागे पडतात, आणि सुरकुतलेले सड बघता बघता आतून कुणी हवा भरावी तसे ताठ होतात. आजी एवढेच म्हणते, “आला.” त्या शब्दासरशी मला रेडकू ओढून बाजूला घ्यायचे असे, आणि त्या वेळी त्या एवढ्याशा जनावराच्या मानेत जे बळ येई ते माझ्या तळहातांवर दाव्याचे वळ उठवून जाई. पोटभर पिण्याच्या ऐन क्षणी त्याला ओढून घेणारी मीच, आणि उरलेले दूध प्यायला सोडल्यावर त्याची पाठ खाजवत बसणारीही मीच. याबद्दल मला लहानपणी रेडकाची माफी मागावीशी वाटत असे, आणि एकदा मी ती मागितलीही होती.

सरांनी त्या दुपारी सांगितले ते असे. गाईच्या कासेत थोडेफार दूध खालच्या पोकळीत तयार साठलेले असते. म्हशीत मात्र जवळजवळ सगळे, शंभरातले पंच्याण्णव भाग, वरच्या सूक्ष्म पिशव्यांतच अडकून असते. या पिशव्यांभोवती स्नायूंसारख्या पेशींची जाळी असते. ती आवळली तरच दूध खाली येते, नाहीतर कितीही पिळा, हाताला काही लागत नाही. आवळण्याचा निरोप मात्र कासेतून निघत नाही. सडाला झालेल्या स्पर्शाची खबर मज्जातंतूंनी मेंदूपर्यंत जाते, तिथे पीयूषिका ग्रंथीच्या मागच्या भागातून ऑक्सिटोसिन रक्तात उतरते, आणि रक्ताबरोबर फिरत फिरत ते कासेपर्यंत पोचते. अवघी नऊ अमिनो आम्ले जोडून झालेला हा निरोप. रेडकाच्या पहिल्या ढुशीपासून आजीच्या ‘आला’पर्यंत जो वेळ मी दावे धरून मोजत असे, तो या फेऱ्याचा वेळ होता. मला त्या तासाला जे झाले त्याला आनंद म्हणावे की आणखी काही, हे सांगता येत नाही. पंधरा वर्षे ज्या खोलीत वावरलो तिला आणखी एक खिडकी होती असे अचानक दिसावे आणि त्याच खिडकीतून आपल्याच घरातली एक नको ती गोष्ट स्पष्ट दिसावी, तसे काहीसे. पीयूष म्हणजे अमृत, तसाच संस्कृतात नुकत्याच व्यालेल्या गाईचा चीकही. फळ्यावरच्या मेंदूच्या आकृतीत, वाटाण्याएवढ्या ग्रंथीच्या नावात आमच्या गोठ्यातला चीक बसला होता.

चिकाबद्दल आजीचा नियम कडक आहे. म्हैस व्याली की पहिला चीक रेडकाचा; शेजारीपाजारी खरवसासाठी पातेली घेऊन उभे राहिले तरी रेडकाचे पोट टम्म झाल्याशिवाय ती कुणाला वाटीभरही देत नाही. पुढे मी वाचले, की गाई-म्हशींच्या वारेतून प्रतिपिंडे पिलापर्यंत जातच नाहीत. ती मिळतात ती फक्त चिकातून, आणि रेडकाचे आतडे ती जशीच्या तशी शोषू शकते ते जन्मानंतरचे जेमतेम चोवीस तास. मी हे मोठ्या उत्साहाने आजीला सांगितले, तर ती म्हणाली, “मग मी काय येगळं सांगत हुतो?” (आमच्याकडे बायकाही ‘मी आलो, मी गेलो’ असेच बोलतात; पुण्याच्या पाहुण्यांना याचे फार हसू येते.) पण आजीचे सगळेच खरे निघते असे नाही. चुलीवरचे दूध उतू गेले की म्हशीच्या सडांना चिरा पडतात, यावर तिचा ठाम विश्वास आहे. दहावीच्या सुट्टीत मी तिला न सांगता तीन वेळा दूध उतू घालवले आणि आठवडाभर हरणीचे सड तपासले. चिरा पडल्या नाहीत. हे मात्र मी तिला अजून सांगितलेले नाही, कारण त्यात दूध वाया घालवल्याचा गुन्हा आधी कबूल करावा लागेल.

खरे तर नोंदी ठेवायला मला कुठल्या शिक्षकाने शिकवले नाही, आईने शिकवले. आमच्याकडे दोन दिनदर्शिका असतात. स्वयंपाकघरातली गिऱ्हाइकांची: कुणाचे जास्त, कुणाचे कमी, कुणाचा खाडा. गोठ्याच्या दाराशी खिळ्याला अडकवलेली दुसरी म्हशींची. तिच्या चौकोनांत आई बारीक अक्षरात प्रत्येक दुभत्या म्हशीचे आद्याक्षर आणि त्यापुढे सकाळ-संध्याकाळचे लिटर लिहिते. कोण कधी फळली, कोणाला दहा महिने दहा दिवस कधी भरतात, कोण पेंड खाईना, डॉक्टर कधी आले, सगळे त्या चौकोनात. आई दहावीपर्यंत शिकली, गारगोटीकडच्या एका शेतकऱ्याच्या घरातून इथे आली, आणि तिला म्हशींची मनापासून भीती वाटत असे. मला वाटते, ती भीती घालवण्यासाठीच तिने आकडे लिहायला सुरुवात केली असावी. शिंगांजवळ न जाताही म्हैस ओळखीची करून घेण्याची ती तिची रीत होती. वर्ष संपले की ती दिनदर्शिका गुंडाळून, सुतळीने बांधून माडीवरच्या पत्र्याच्या ट्रंकेत ठेवते. का ठेवते, असे विचारले तर म्हणते, “लागलं तर असावं.”

माझा पहिला प्रयोगही त्याच दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आहे. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे म्हशींचा थाट असतो. अंगावरचे केस कातरून नक्षी काढायची, शिंगे रंगवायची, मोरपिसे आणि कवड्यांच्या माळा बांधायच्या, आणि मग पंचगंगेच्या घाटाकडे मिरवणूक. मोटारसायकलींचे सायलेन्सर काढलेले असतात, त्यांच्या फटफटाटामागे म्हशी धावतात, कुणाची म्हैस मालकाच्या हाकेला मागच्या दोन पायांवर उभी राहते, दोन्ही बाजूंनी शिट्ट्या आणि फटाके. अप्पांना वर्षभरात इतके ताठ चालताना मी दुसऱ्या कुठल्या दिवशी पाहत नाही. आणि दर पाडव्याच्या रात्री आजीची एकच कुरकुर: आज म्हशी दूध चोरणार. सातवीत असताना वाढदिवसाला मिळालेल्या घड्याळात सेकंदकाटा होता. मी सकाळी रेडकू सोडल्यापासून ‘आला’पर्यंतचा वेळ मोजला: दोन मिनिटे दहा सेकंद. मिरवणुकीनंतर संध्याकाळी मोजला: सहा मिनिटे, आणि तरीही आजीचे ‘आला’ निम्म्या आवाजात. दुसऱ्या दिवशी पुन्हा अडीच. हे तीन आकडे लिहून खाली मी ‘फटाक्यांमुळे’ असे लिहिले आणि मग ते खोडून ‘फटाके किंवा पळणे किंवा रंगाचा वास’ असे केले. ते खोडलेले अक्षर आजही वाचता येते, आणि माझ्या आजवरच्या शिक्षणात त्या खोडण्याइतके मला काही आवडत नाही.

फार पुढे, विद्यापीठाच्या ग्रंथालयात, मला कळले की हे प्रश्न १९४१ सालीच अमेरिकेत एली आणि पीटरसन या दोघांनी गाईंना विचारले होते. धार काढायच्या वेळी त्यांनी गाईच्या पाठीवर मांजर ठेवले आणि दर दहा सेकंदांनी कागदी पिशवी फोडली; पुढे मांजराची गरज नाही असे दिसल्यावर नुसत्या पिशव्या फोडल्या. घाबरलेल्या गाईंनी दूध अडवले. त्यांनी अर्ध्या कासेचे मज्जातंतू कापूनही पाहिले, तरी त्या अर्ध्या भागातूनही दूध उतरले. म्हणजे शेवटचा निरोप तंतूंनी येत नाही, रक्तातून येतो. पुढे १९५३ मध्ये व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी तो निरोप प्रयोगशाळेत जोडून तयार केला आणि १९५५ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. मी वाचनालयाच्या त्या लांब टेबलावर बसून कागदी पिशव्यांच्या वाक्यावर इतकी हसले, की समोरच्या मुलाने मान वर केली. मग हसू थांबले, कारण प्रयोगशाळेत जोडलेल्या त्या निरोपाची एक बाटली आमच्या कोनाड्यापर्यंत आली होती.

ती आली ती पुरात. ऑगस्ट २०१९. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका, हे आकडे आमच्या पेठेतल्या पोरांना पाढ्यांसारखे पाठ असतात. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले. जामदार क्लब ओलांडून पाणी वर सरकू लागले तशी अप्पांनी रात्रीच दावी सोडली. आठ म्हशी, चार रेडके, पाऊस, आणि वीज गेलेल्या शहरातून सागरमाळावर आत्याच्या दारापर्यंतची ती चाल. शिंगांवर बॅटरीचा उजेड पडून चमकायचा आणि पुढची म्हैस कुठे आहे ते तेवढ्यावरून कळायचे. राधीचे रेडकू अकरा दिवसांचे होते. ते अप्पांनी पोत्यात गुंडाळून खांद्यावर घेतले होते. आईने घरातून काय घेतले, तर रेशनकार्ड, बँकेची पुस्तके आणि गोठ्यातली दिनदर्शिका, एका प्लॅस्टिकच्या पिशवीत. तिसऱ्या दिवशी गारठ्याने ते रेडकू मेले आणि सकाळी मेलेली जनावरे उचलणारा टेम्पो ते घेऊन गेला.

परकी जागा, परकी दावण, रेडकू नाही. राधीने पान्हा सोडला नाही. पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. कास दगडासारखी टणक आणि गरम झाली, आजीचा हात लागला तरी ती पाय झाडू लागली. दगडी, म्हणजे कासेचा दाह, होईल, कास जाईल, ही धास्ती सगळ्यांच्या तोंडावर होती आणि पाण्याने वेढलेल्या गावात जनावरांचा डॉक्टर मिळत नव्हता. तेव्हा अप्पा कुठूनतरी ती बाटली घेऊन आले. सुई टोचल्यावर मिनिटभरातच राधीचे सड ताठ झाले आणि धार इतकी सहज सुरू झाली, की बादली पुरेना. मी टाळ्या वाजवल्या होत्या. चरवी भरत असताना आजी तिथेच बसली होती, पण ‘आला’ म्हणाली नाही. कुशीला टेकलेले कपाळ तिने काढून घेतले, आणि उरलेली धार अप्पांनी काढली.

पूर ओसरला, आम्ही चिखल उपसून घरी आलो, आणि बाटलीही आली. तिला कोनाड्यात जागा मिळाली.

वर्गातल्या त्या दुपारनंतर मी कायदाही शोधून वाचला. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याला बंदी घालणाऱ्या १९६० च्या कायद्यातले १२ वे कलम. दूध वाढवण्यासाठी जनावराला अपाय होईल असे काही टोचले तर हजार रुपयांपर्यंत दंड, दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, आणि जनावर सरकारजमा. राधी सरकारजमा, या दोन शब्दांची मला जितकी धडकी भरली तितकी कैदेची भरली नाही, हे कबूल केले पाहिजे. टोचलेले ऑक्सिटोसिन दुधातून पिणाऱ्याला बाधते, असे लोक घाबरून म्हणतात. नऊ अमिनो आम्लांची ती साखळी माणसाच्या पोटात पचून जाते. खरी किंमत जनावर मोजते. रोज टोचत राहिले, की त्याचे शरीर आपला आपण पान्हा सोडणे विसरू लागते, आणि मग सुईशिवाय धारच उतरत नाही. मी आठवायचा प्रयत्न केला, की राधीला किती दिवस टोचत होतो. आठवेना. बाटली कोनाड्यातून कधी गेली, तेही आठवेना. चौदा वर्षांच्या मुलीला तिच्यात लक्ष ठेवण्यासारखे काही वाटले नसावे, याचाच मला राग येत होता.

अप्पांना विचारायला मला कट्ट्याचा रस्ता बरा वाटला. म्हशीच्या दोन बाजूंना दोघे चालत असले की एकमेकांच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. मी विचारल्यावर ते बराच वेळ गप्प चालले. मग म्हणाले, “पैल्यांदा तिच्या कासेसाठी आणली. ते खोटं न्हाई. मग इथं कट्ट्यावर गिऱ्हाईक उभं असतंय. रेडकू न्हाई, तिला पान्हा यायला आठ-धा मिनिटं. गिऱ्हाईक घड्याळ बघतंय आणि जातंय पिशवीच्या दुधाकडं. पुरात गोठ्याची भिंत गेली हुती. तू सांग.” मला सांगता आले नाही. त्यांनी म्हशीच्या पाठीवर थाप मारली आणि ती जरा पुढे झाली, तसे त्यांचे तोंड मला दिसले. ते माझ्याकडे पाहत नव्हते.

आजीला विचारले ते मात्र वेगळेच निघाले. तिचा सगळा राग बाटलीपेक्षा टेम्पोवर होता. कातडे ठेवले असते तर हे काही लागले नसते, असे ती म्हणाली. पूर्वी रेडकू मेले की त्याचे कातडे काढून त्यात पेंढा भरत, वर मिठाचे पाणी शिंपडत आणि धारेच्या वेळी ते पेंढ्याचे रेडकू म्हशीपुढे ठेवत. म्हैस ते चाटत राही आणि पान्हा सोडी. मला ही गोष्ट लहानपणापासून माहीत होती आणि नेहमी ती फसवणूक वाटत आली होती. मी तसे म्हणाले. आजी म्हणाली, “तिला कळत न्हाई असं वाटतंय तुला? ढुशी न्हाई, हंबरणं न्हाई, ऊब न्हाई. सगळं कळतंय तिला. कळून सोडती.” मी तिला शिकवल्यासारखे म्हणाले, की कळणे-बिळणे आपण ठरवू शकत नाही, कदाचित ती चरवीच्या आवाजाला, तुझ्या हाताला, मिठालाच पान्हा सोडत असेल, कातड्याचा काही संबंध नसेल. यावर आजी ज्वारीचे दाणे निवडता निवडता इतक्या सहजपणे बोलली, की ते वाक्य मला दोनदा ऐकावे लागले. “संबंध न्हाई कसा? एकदा तुझ्या आज्ज्यानं दुसरीच्या रेडकाचं कातडं फुडं ठेवलं हुतं. हिचं उंदरांनी खाल्लेलं. चरवी तीच, मीठ तेच, हात माझाच. तिनं हुंगलं आणि अशी लाथ घातली, चरवी पार मोरीपतूर गेली.”

मी तिच्याकडे पाहत राहिले. बाकी सगळे तेच ठेवून एकच गोष्ट बदलायची, याला आम्ही प्रात्यक्षिकाच्या वहीत नियंत्रित प्रयोग म्हणतो आणि त्यासाठी दोन गुण असतात. कळून सोडते की नुसत्या वासाने सोडते, हे त्यानेही ठरत नाही. मी तसे सांगितले, आणि आजीने मला सुपातले खडे उचलायला लावले.

त्याच रात्री मी ट्रंक उघडली. २०१९ ची दिनदर्शिका सुतळी सोडल्यावरही गुंडाळीच राहू पाहत होती, तिच्या खालच्या कडेला पुराच्या पाण्याचा तपकिरी डाग होता. ऑगस्टमध्ये आठ दिवसांच्या चौकोनांत आईने एकच शब्द लिहिलेला होता: पूर. त्यानंतर आकडे पुन्हा सुरू होतात. त्या वेळी चार म्हशी दुभत्या होत्या. ‘रा’पुढे सप्टेंबरभर सहा, ऑक्टोबरभर सहा, साडेपाच, एखाद्या रेघेसारखे सरळ. मी बोट फिरवत पुढे गेले. १२ नोव्हेंबर, त्रिपुरी पौर्णिमा. घाटावर पणत्या लावायला आम्ही सगळे गेलो होतो ते मला आठवते. साडेपाच. १३ नोव्हेंबर: अडीच. १४ ला दोन. मग सव्वादोन, अडीच, पुन्हा अडीच, तीन. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात चार, आणि त्यावर ते परत कधी गेले नाहीत. पहिला संशय मी वैरणीवर घेतला. नोव्हेंबरात ऊसतोड सुरू होते, गोठ्यात उसाच्या शेंड्यांचे वाडे यायला लागते, त्याने दूध हलू शकते. पण त्याच चौकोनांत ‘ह’, ‘मो’ आणि ‘चां’ यांचे आकडे जागचे हललेले नव्हते. वैरण चौघींना एकच होती. घटले होते ते फक्त राधीचे, आणि एका रात्रीत.

आई खाली विळीवर बसून सकाळची भाजी चिरून ठेवत होती. मी दिनदर्शिका तिच्यापुढे धरली आणि तेरा तारखेवर बोट ठेवले. तिने चष्म्यावरून एकदा पाहिले.

“बाटली फुटली,” ती म्हणाली.

“कशी?”

“हातातनं.”

कुणाच्या, ते मी विचारले नाही. एके काळी म्हशींच्या गोठ्यात जायला घाबरणारी ती बाई त्या रात्री, सगळे घाटावर असताना, मागे राहिली होती का, हे मी आठवून पाहू लागले, आणि मला आठवले की पणत्यांच्या आमच्या त्या फोटोत ती नाही. पुढे तीन आठवडे राधीपाशी रोज अर्धा-अर्धा तास बसून तिला पुन्हा हाताखाली आणणारी आजी, आणि त्या काळात कट्ट्यावर राधीऐवजी हरणीला नेणारे अप्पा, यांच्यात याबद्दल काही बोलणे झाले होते का, तेही मला माहीत नाही. आमच्याकडे अशा गोष्टींना शब्द लावायची पद्धत नाही. लिटर लिहिले जातात.

तृतीय वर्षाच्या प्रकल्पासाठी विषय द्यायची वेळ आली तेव्हा मी त्या सहा वर्षांच्या दिनदर्शिका मांडून बसले. पाडव्याचे खड्डे, पुराचे कोरे तुकडे, प्रत्येक वेताचा चढ आणि उतार. आलेख काढला, तर घरातली वर्षे कागदावर दिसू लागली. आदल्या रात्री मी अप्पांना विचारले, की राधीचे सगळे सरांना सांगू का. ते दावणीला पेंड घालत होते. दोन म्हशींची पेंड घालून झाल्यावर म्हणाले, “माझं नाव नको घालू. म्हशीचं घाल.”

सरांनी आलेख खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला. हे आकडे कुणी लिहिले, असे त्यांनी आधी विचारले, आणि आईने, असे सांगितल्यावर पुन्हा पहिल्या पानापासून पाहायला सुरुवात केली. नोव्हेंबर २०१९ पाशी त्यांचे बोट थांबले. वैरण बदलली असेल, ते म्हणाले. मी उरलेल्या तीन रेघा दाखवल्या. त्यांनी मान हलवली आणि चष्मा काढला.

“मग इथे काय झाले?”

“बाटली फुटली, सर,” मी म्हणाले. एवढ्यावरून त्यांना काही कळणे शक्यच नव्हते, म्हणून मी समोरचे स्टूल ओढून घेतले आणि पुरापासून सुरुवात केली.